फाटक शेवटच्याने लावायचे

ऑड्रीने फाटक उचलून ओढले, कडी नीट बसली का ते हलवून पाहिले आणि मान वर केली. पुढच्या फाट्यावर डेस्मंड उभा होता. त्याच्यामागे मंडळी उभी होती, आणि सगळीच्या सगळी आभाळाकडे पाहत होती.

आभाळात काही नव्हते.

गुरुवारच्या पायी फिरणाऱ्या मंडळाचे नियम दोनच. म्होरक्याच्या पुढे कुणी जायचे नाही, आणि फाटक शेवटच्याने लावायचे. डेस्मंड पुढे आणि ऑड्री शेवटी. लग्नातही साधारण हीच व्यवस्था होती. तिसरा नियम कुणी कधी बोलून दाखवला नव्हता, पण पाळायचे मात्र सगळे: म्होरक्या चुकला तरी त्याला तसे सांगायचे नाही. राल्फ म्होरक्या असताना त्याने सगळ्यांना दलदलीत गुडघाभर नेले होते. तेव्हा मंडळींनी तिथल्या चतुर किड्यांच्या रंगाचे कौतुक केले. पुढच्या गुरुवारी मात्र सेक्रेटरी म्युरिएलने राल्फला चहाच्या थर्मासवर नेमले. तो अजून तिथेच होता.

त्या दलदलीकडे जाणारी वाट म्हणजे याच फाट्याची डावी वाट.

ऑड्रीचा हात कडीवरच राहिला. डेस्मंडने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. माळावरची हेदरची जांभळी झुडपे करपून तपकिरी झाली होती, आणि दोन्ही वाटा त्यांत सारख्याच दिसत होत्या.

गेल्या आठवड्यात मंगळवारी घराजवळच्या गोल चौकाला त्याने गाडीने फेऱ्या मारल्या होत्या. एक झाली, दुसरी झाली. मग त्याने ऑड्रीकडे वळून अगदी सभ्यपणे विचारले होते, "तुम्हाला कुठे सोडू?"

तेव्हापासून गाडी ती चालवत होती. मंडळात तिने सांगितले होते, त्याचा गुडघा दुखतो. गुडघा दुखणारा माणूस माळभर चालतो कसा, हे कुणी विचारले नव्हते.

तेवढ्यात म्युरिएल डाव्या वाटेवर दोन पावले गेली आणि तिथेच खाली बसली.

"नाडी सुटली," ती म्हणाली.

डेस्मंड क्षणभर थांबला आणि उजवीकडे वळला. मंडळींनी आभाळ सोडले.

पाइनच्या रानात शिरल्यावर उजेड कमी झाला. खाली वाळकी पाने आणि वर गच्च फांद्या. पुढचा माणूस खोडाआड गेला की नुसता खोकला ऐकू यायचा. ऑड्री डेस्मंडच्या लाल टोपीवर डोळा ठेवून चालली होती. टोपी दिसेनाशी झाली की तिचे पाय आपोआप भरभर पडायचे. शेवटच्या माणसाने भरभर चालायचे नसते.

म्युरिएल रेंगाळत मागे आली. ऑड्रीने कोटाचे बटण लावायला घेतले; कोटाला बटण नव्हतेच.

"डेस्मंडचा गुडघा कसा आहे गं?"

"बरा आहे."

"उजवा ना?"

"डावा."

"गेल्या वेळी उजवा होता."

"दोन्ही," ऑड्री म्हणाली.

"अरेरे. निदान एक तरी धड हवा माणसाला."

ऑड्रीने तिच्या तोंडाकडे पाहिले. त्या तोंडावरून कधी कुणाला काही कळले नव्हते. सेक्रेटरीचे तोंड होते ते. हिला सुगावा लागलाय. आता पुढच्या गुरुवारी थर्मासवर डेस्मंड. बूट चढवून काठी हातात घेतली की तो अजून पूर्वीचा डेस्मंड व्हायचा, आठवड्यातून एवढी एकच दुपार. तीही गेली की घरात उरणार तो सभ्य माणूस, आणि ती.

पुढचा फाटा हाकेच्या अंतरावर असताना तिने पाहिले, डेस्मंड अगदी ठामपणे चुकीच्या वाटेला वळला होता. आणि म्युरिएल कधी पुढे पोहोचली कोण जाणे, त्याच वाटेच्या मधोमध बसली होती.

"म्युरिएल, वाट अडवलीस तू."

"वय झालं रे डेस्मंड. वाकले की उठायला वेळ लागतो. तुम्ही व्हा तिकडून पुढे."

"चांगले बूट घे बाई," डेस्मंड म्हणाला. मंडळी हसली, जरा जास्तच. तो काठी फिरवत योग्य वाटेला लागला.

एवढी वर्षे चालते, ऑड्रीच्या मनात आले, आणि या बाईला साधी गाठ मारता येत नाही.

रान संपले, माळ आला, पलीकडून गाड्यांच्या काचा चमकल्या. ऑड्रीने फाटक लावले आणि कडी हलवून पाहिली. आजचा दिवस निभावला. राल्फने थर्मास काढला, आल्याच्या बिस्किटांचा डबा फिरला. म्युरिएलने गाडीच्या दाराशी बसून एक बूट उतरवला.

डेस्मंडने टोपी सारखी केली, काठी आपटली आणि सगळ्यांकडे प्रसन्नपणे पाहिले.

"आले का सगळे? छान. आजची वाट सोपी आहे, गोल आहे. थोडा माळ, थोडं रान, चढ मुळीच नाही. निघू या."

कुणीच बिस्किट चावले नाही. ऑड्रीने हातातले बिस्किट डब्यात परत ठेवले.

म्युरिएलने उतरवलेला बूट पुन्हा पायात घातला. नाडी ओढली, गाठ मारली, वर दुसरी गाठ मारली, टोके आत खोचली. ती गाठ कुऱ्हाडीशिवाय सुटली नसती. दुसऱ्या बुटाची गाठ सकाळपासून अशीच घट्ट होती.

"राल्फ, थर्मास ठेव आत."

"ठेवला," राल्फ म्हणाला. त्याने चहा गवतात ओतला होता.

मंडळी पाठपिशव्या चढवू लागली. कुणीतरी म्हणाले, हवा फिरायला झकास आहे. ऊन जवळजवळ संपले होते.

ऑड्री सवयीने मागे सरकली. म्युरिएल तिथे आधीच उभी होती.

"आज शेवटी मी राहते. तू त्याच्याजवळ हो."

"पण नियम..."

"नियम मीच केलेत. जा."

ऑड्री रांगेच्या कडेने पुढे गेली. कुणी तिच्याकडे पाहिले नाही. सगळे पुन्हा आभाळात काहीतरी शोधत होते. डेस्मंडने तिला पाहून कोपर पुढे केले, अनोळखी बाईपुढे करावे तसे. तिने ते धरले.

मागे, बऱ्याच मागे, फाटकाची कडी पडल्याचा आवाज आला. मग ती कुणीतरी हलवून पाहिली.