आधी लोखंडाला हात

“दहा मिनिटं? अहो, दहा मिनिटांत माझं गिऱ्हाईक समोरच्या पंपावर टाकी भरून घरी पोचेल, जेवेल आणि आडवंही होईल!”

पंपाच्या मालकाने हात उडवून रांगेकडे बोट दाखवलं. रांग खरोखरच रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. सकाळपासून पंप कोरडा होता. टँकर आत शिरला तेव्हा लोकांनी हॉर्न वाजवून त्याचं स्वागत केलं होतं. आता त्याच हॉर्नमधून शिव्या ऐकू येत होत्या.

जावई टँकरला खेटून उभा होता. एकट्याची ही त्याची पहिलीच खेप. इंजिन बंद केलं होतं, चाकांना ठोकळे लावले होते, अर्थिंगच्या वायरचा चिमटा टाकीला अडकवला होता, आग विझवायचं लाल नळकांडं हाताशी ठेवलं होतं. आता करायचं काहीच नव्हतं, नुसतं थांबायचं होतं. रस्ताभर हिंदकळत आलेलं पेट्रोल दहा मिनिटं निवांत होऊ द्यायचं. तोवर झाकण उघडायचं नाही, पाइप जोडायचा नाही. नियम एवढा साधा की तीन महिन्यांच्या शिकाऊ काळात त्याला तो कधी अवघड वाटलाच नव्हता. पण तेव्हा शेजारी जुना ड्रायव्हर असायचा, आणि नाही म्हणायचं काम तो करायचा.

इथेच तर घोडं पेंड खात होतं. जावयाला नाही म्हणता येत नसे.

त्याला सगळे जावईच म्हणत. सासऱ्यांच्या घरी राहायला आल्यापासून गल्लीत दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत तो सगळ्यांचा जावई झाला होता, आणि त्याने त्यालाही कधी नाही म्हटलं नव्हतं. गल्लीतल्या चार घरांच्या कुंड्यांना पाणी घालायचं काम त्याच्याकडे असे. त्यांतलं एक बिऱ्हाड तर गाव सोडून गेलं, कुंड्या मात्र याच्याकडेच राहिल्या. स्वभाव जन्माचा असेल, पण त्यावर पक्का रंग चढवला तो कापडाच्या दुकानाने. बारा वर्षं तो तिथे विक्रीला होता. तिथल्या मालकाचा एकच दंडक होता : गिऱ्हाईकाने मागितलेला रंग नसला तरी तोंडातून ‘नाही’ काढायचं नाही. ‘हा बघा, तुम्हाला काय खुलून दिसेल!’ म्हणायचं आणि दुसरा तागा उलगडायचा.

दुकान बंद पडलं तेव्हा जावई छत्तीस वर्षांचा होता आणि मुलगी सहा महिन्यांची. दुकानाचा टेम्पो तो चालवत असे, तेवढ्या भांडवलावर त्याने जड वाहनाचं लायसन्स काढलं आणि पेट्रोलच्या डेपोसाठी अर्ज लिहिला. घरात बाकी कोणाला नाही तरी सासऱ्यांना आनंद होईल असं त्याला वाटलं होतं. त्यांनी एकतीस वर्षं पेट्रोलचा टँकर चालवला होता. गुडघे गेले म्हणून घरी बसले, नाहीतर अजून चालवत राहिले असते.

सासऱ्यांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि परत दिला.

“गाडी काय, कोणीही चालवतं, जावईबापू. टँकरवाल्याला दिवसातून चारदा नाही म्हणावं लागतं. तुमच्या तोंडून तो शब्द मी लग्न ठरल्यापासून ऐकलेला नाही.”

“शिकेन, मामा.”

“बघा. आताही हो म्हणालात.”

आत बायको हसली होती. जावईही हसला होता, पण ते बोलणं त्याला लागलं होतं. खोटं असतं तर एवढं लागलं नसतं. आज निघतानाही सासरे दारातल्या खुर्चीत होते. त्यांनी फक्त मान हलवली होती. आणि डेपोच्या साहेबांनी चावी देताना बजावलं होतं, “पहिल्या खेपेवर आमचं लक्ष असतं. काही घोटाळा झाला तर पुन्हा जुन्या ड्रायव्हरशेजारी बसायचं नाही, सरळ घरी.”

“अहो ड्रायव्हर!” मालक आता अगदी जवळ आला. “तुमचा तो जुना माणूस पाच मिनिटांत मोकळा करायचा. डेपोत माझा शब्द चालतो, सांगून ठेवतो. पहिल्याच दिवशी घरी बसायचंय का?”

“हो, लगेच...” जावयाच्या तोंडून निघून गेलं. बारा वर्षांच्या सवयीने पायही शिडीकडे वळले. एक पायरी तो चढलासुद्धा.

तिथे त्याची नजर वायरच्या चिमट्यावर गेली.

दुकानात कोरड्या थंडीच्या दिवसांत नायलॉनचा तागा झरकन उलगडला की चटचट आवाज व्हायचा. संध्याकाळी दिवे लावायच्या आधी उलगडला तर निळसर ठिणग्याही दिसायच्या. पोरीबाळी खिदळायच्या आणि म्हणायच्या, पुन्हा करा ना. आणि हा पुन्हा करायचा. इथे तशी एकच ठिणगी पुरली असती. तो खाली उतरला.

“नाही,” तो म्हणाला.

“काय?”

हॉर्नच्या गोंगाटात त्याचं त्यालाच ऐकू आलं नव्हतं. जावयाने घसा खाकरला.

“नाही, शेठ! दहा मिनिटं झाल्याशिवाय मी झाकणाला हात लावणार नाही.”

हे जरा जास्तच मोठ्याने झालं. रांगेतल्या पहिल्या दोघांनी हॉर्नवरचे हात काढले. मालकाचा चेहरा लाल झाला. तो तरातरा केबिनमध्ये गेला आणि काचेतून दिसला, कानाला फोन लावलेला, दुसऱ्या हाताने टँकरकडे तलवार चालवल्यासारखे हातवारे करत. जावयाने घड्याळ पाहिलं. अजून सहा मिनिटं होती. नोकरी लागली तशी सुटली, असं त्याच्या मनाने घेतलं. गंमत म्हणजे, तरीही आत कुठेतरी हलकं वाटत होतं.

मालक परत येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग जावयातला दुकानदार काही गप्प बसेना.

“शेठ, हा शर्ट खांद्याला ओढतो ना तुम्हाला?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“कापड मिश्र धाग्याचं आहे. रात्री काढताना चटचट आवाज येत असेल. अंगावरचे केस उभे राहत असतील.”

“येतो आवाज,” मालक नाइलाजाने म्हणाला. “मग?”

“एका शर्टात एवढी वीज असते. ही टाकी बारा हजार लिटरची आहे, आणि पाऊण तास घुसळत आलीय. ती वीज या वायरमधून जमिनीत उतरू दे. आणि तुम्ही सुती वापरत जा. इथे तर वापराच. तुम्हाला फिकट निळा खुलून दिसेल.”

मालकाने एकदा टाकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बाहीकडे. जवळ आला होता तेवढा, चार पावलं मागे सरकला. उरलेली मिनिटं तिथूनच त्याने रांगेवर खेकसून काढली. टाकी रिकामी झाली, कागदावर सही झाली. निघताना मालक इतर कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, “सुती आटत नाही ना?”

डेपोत साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

“तक्रार आलीय तुमची.”

“हो, साहेब.”

“नवा ड्रायव्हर ऐकत नाही म्हणे.” साहेबांनी फळ्यावरचा खडू उचलला. “नव्या माणसाची ही तक्रार आली नाही ना, तर मला घोर लागतो. उद्या दोन खेपा. आता घरी जाऊन जेवा.”

घर येईपर्यंत जावई जवळजवळ पळतच होता. दाराची लोखंडी जाळी उघडी होती. आत खुर्चीत सासरे, त्यांच्या मांडीवर मुलगी. बापाला पाहताच तिने दोन्ही हात पुढे केले. जावयानेही केले, आणि मध्येच थबकला. उजवा तळवा त्याने जाळीवर सपाट टेकवला. मग तिला उचललं.

बायको सांगायची, “लहानपणी मला वाटायचं, बाबांचा माझ्यापेक्षा जाळीवरच जास्त जीव आहे. कामावरून आले की आधी तिला हात लावायचे, मग मला घ्यायचे.” अंगातली वीज आधी लोखंडाला द्यायची, मग लेकराला हात. टँकरवर लागलेली सवय सासरे घरी घेऊन आले होते. जावयाला ती कोणी शिकवली नव्हती.

सासऱ्यांनी तो हात पाहिला.

“म्हणालास?” पहिल्यांदाच त्यांनी अरे-तुरे केलं होतं.

“म्हणालो, मामा. दोनदा. पहिल्यांदा ऐकू गेलं नाही.”

सासऱ्यांचे खांदे हसण्याने हलले. मग त्यांनी मान वळवून आत आवाज दिला, “अगं, चहा टाक. ड्रायव्हर आलाय.”

“कोण आलंय?” बायकोने आतून विचारलं.

“ड्रायव्हर!”

जाळीवर एका जागी, सासऱ्यांच्या खांद्याच्या उंचीला, रंग पार उडून लोखंड गुळगुळीत झालं होतं. जावई त्यांच्यापेक्षा ठेंगणा. त्याचा हात चार बोटं खाली टेकला होता, आणि तिथला रंग अजून कोरा होता.