भिंतीकडची बाजू

स्वयंसेवक योगेशने खाटेवरच्या अंजनीच्या काखेत हात घातले, एक-दोन-तीन म्हटलं आणि स्वतःच खाली बसला.

"दीदी, सच बोलूं? मला स्वतःला उचलवून घ्यायची प्रॅक्टिस आहे. दुसऱ्याला उचलायची नाही."

हे खरं होतं. गेल्या वर्षी बाजारातल्या कमानिया गेटजवळ पूर-बचावाची रंगीत तालीम झाली, तेव्हा दिव्यांगाची भूमिका योगेशला मिळाली होती. अंजनी व्हीलचेअरवरून म्हणाली होती, मी येते की. पण तुम्हाला लागलं-बिगलं तर, म्हणून आयोजकांनी तिला घरी पाठवलं. धडधाकट योगेशला चौघांनी उचललं, टाळ्या पडल्या, आणि उत्कृष्ट पूरग्रस्त म्हणून त्याला प्रमाणपत्रही मिळालं.

आता नाल्याचं पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीवर होतं. इमारतीला तडा गेला होता. बाकीचे सकाळीच निघून गेले होते. बचावाच्या यादीत अंजनीच्या नावापुढे 'सोबत आई' होतं, म्हणून तिचा नंबर शेवटी लागला. आई, चंपाबाई, चैत्रातच वारली होती. यादीला कोणी कळवलं नव्हतं.

"तू जा," अंजनीने खाटेचा खूर घट्ट धरला. "आई पाठीवर न्यायची मले. दुसऱ्या कोणाले जमत नाही."

"दीदी, बोटवाला ओरडून राहिला खाली."

तिने त्याच्या हातांकडे बघितलं.

"तुले उचललं तेव्हा कुठे दुखलं?"

"काखेत. आठ दिवस हात वर होत नव्हता."

"मग तिथंच काहून धरून राहिला?"

योगेश ओशाळला. तिच्याकडे पाठ करून उकिडवा बसला. खाटेचा खूर सुटला. दोन मजले तो उतरला, दर पायरीला 'सॉरी दीदी' म्हणत.

शाळेतल्या निवाऱ्यात एका मुलीने यादी वाचली.

"अंजनी... चंपाबाई. दो लोग?"

योगेशने तोंड उघडलं.

"हो," अंजनी म्हणाली.

दोन सतरंज्या मिळाल्या, खिचडीची दोन पाकिटं. दुसरी सतरंजी तिने भिंतीला लावून अंथरायला सांगितली. आई भिंतीकडेच झोपायची. योगेश ओल्या कपड्यांत उभा होता.

"बस," ती म्हणाली.

तो दुसऱ्या सतरंजीवर टेकला.

"भिंतीकडची बाजू सोड."

योगेश सरकत सरकत पार काठावर आला. गुडघे पोटाशी घेतले. मग कोणाची झोपमोड होऊ नये अशा आवाजात त्याने विचारलं,

"काकूंना एवढी जागा पुरेल ना, दीदी?"