चुडामण फौजी का बाबू?

"हा गडी फौजी नाहीच, बाबू आहे," मी म्हणालो. "खोटं निघालं तर भर चौकात अर्धी मिशी उतरवून देतो."

शेजारचा सुपडू सलूनवाला. त्याने लगेच हात पुढे केला. "कौतिकभाऊ, फौजीच शे तो. हारलो तं मनी मिशी जाई."

गोष्ट जीवरामनानाच्या चुडामणची, त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यातली. पोरगं पंजाबातून सुट्टीवर आलेलं. लष्करात, तेही कॉम्प्युटरवर! तोवर आमच्या मेहरूणात किस्से सांगायचे ते सायकलवाल्या कौतिकने, म्हणजे मी. आता बठ्ठी, म्हणजे अख्खी, गल्ली त्याच्या खाटेभोवती. आमच्याच घरात भरताच्या वांग्याचा देठ माझ्या ताटात न् गर त्याच्या डब्यात. बायको, कुंदाबाई, वर म्हणते कशी, "पोरगं वाळलंय हो!" माझा जीव जळून कोळसा झाला, ते कुणाला दिसेना.

मग आम्ही डाव आखला. त्याला जेवायला बोलवायचं. सुपडू ओरडणार, "सावधान!" मी ओरडणार, "मशीन बंद पडलं!" ज्या हाकेला उठेल, तो त्याचा धंदा.

ओट्यावर चुडामण कळण्याची भाकरी मोडत होता. मागून आम्ही दोघं एकदम ओरडलो.

गडी ताडकन उभा! टाचा जुळलेल्या, छाती पुढे. पण हात पोटापुढे, न् बोटं हवेत टाइप करतायत. तोंडाने, "हां साब, अभी चालू करता साब, परेड में आता साब..." भाकरी पायाखाली.

गल्ली लोळली. "हात पाहा, बाबू!" मी नाचलो. "पाय पाहा, फौजी!" सुपडू.

जीवरामनानाने बाजारभर फौजी पोराची बढाई मारलेली. तो उठला. "सांग ना पोऱ्या, तू कोन शे?"

चुडामण मटकन बसला. "नाना, माले बी समजत नाही. मेजरसाहेब म्हणतात, कागद आज निघाले पाहिजेत, खुर्ची सोडू नको. सुभेदारसाहेब म्हणतात, तू आधी जवान, पहाऱ्याला ये. बसलो तर पहाऱ्याची शिक्षा, उठलो तर कागदाच्या शिव्या. वर जोडीदार म्हणतात, मजा आहे तुझी, पंख्याखाली." मग माझ्याकडे बघितलं. "काका, तुमचं बरं आहे. पंक्चर म्हणजे पंक्चर. लई हेवा वाटतो तुमचा."

माझा हेवा! अख्ख्या गल्लीत आजवर कुणी केला नव्हता. अन् केला कुणी, तर ज्याच्यावर मी जळत होतो त्यानेच! आता जळायचं तरी कुणावर?

नाना सोडेना. "रडगानं नको. एक शबद सांग. फौजी का बाबू?"

"सांग! सांग!" पोरं टाळ्या पिटायला लागली. चुडामणची बोटं मांडीवर पुन्हा नाचू लागली. डोळे कुणाकडेच नव्हते. सुट्टीवरही याला दोन साहेब भेटले होते, न् त्यातला एक मी.

"मी हारलो!" मी ओरडलो. "फौजी शे तो. सुपडू, वस्तरा काढ."

"पन भाऊ, हात तं..."

"काढ म्हटलं ना!"

मारुतीच्या पारापाशी खुर्ची मांडली. बायाबापड्या, पोरंसोरं, सगळे जमले. सुपडूने माझी डावी मिशी अशी हळू उतरवली की लग्नातही कुणाची तेवढ्या जपून हजामत झाली नसेल. सुट्टीत पहिल्यांदा चुडामण खदखदून हसला.

कुंदाबाईने माझ्याकडे बघितलंही नाही. "बस रे चुडामण, गरम भाकरी आणते तुला."

मी फेसाळ तोंडाने ओरडलो, "अगं, मिशी माझी गेलीय!"