भिवंडीच्या चर्चची सागवानी तुळई

मी एक जुनी सागाची तुळई आहे, मित्रांनो. भिवंडीच्या खाडीकाठी एक छोटं चर्च आहे, त्याचं छप्पर माझ्या पाठीवर आहे. तुळईला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हाला वाटेल. पण जरा ऐका तर.

वज्रेश्वरीच्या डोंगरात मी झाड म्हणून वाढले. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि भिवंडी हे गजबजलेलं बंदर होतं. भरतीबरोबर गलबतं खाडीत शिरत, तांदूळ आणि लाकूड भरून परत जात. मलाही बैलगाडीत घालून बंदरावर आणलं. दाऊद नाखवा नावाच्या व्यापाऱ्याच्या नव्या गलबताचा मी कणा होणार होते. मी समुद्र पाहणार होते!

त्याच वर्षी बंदरावरच्या ख्रिस्ती कुटुंबांनी चर्च बांधायला घेतलं होतं. भिंती उभ्या राहिल्या, पण छपराला पुरेल एवढं लांब लाकूड कुठेच मिळेना. शेवटी पाद्रीबाबा दाऊद नाखवाकडे गेले.

नाखवा म्हणाला, "घेऊन जा. माझं गलबत चार महिने उशिरा तरंगेल. लोकांनी भिजत प्रार्थना करावी, हे बरं नाय."

अशी मी वर चढले. खरं सांगते, थोडी रुसलेच होते. पण महिनाभरातच माझ्याखाली पहिलं लग्न लागलं. नवरी इतकी हसत होती की पाद्रीबाबांना दोनदा थांबावं लागलं. त्या हसण्यात माझा रुसवा कुठे गेला, मलाच कळलं नाही.

मग वर्षं गेली. खाडी गाळानं भरली, गलबतं यायची थांबली. बंदराच्या गावात कापड विणणाऱ्या लूमची खटखट सुरू झाली. बरीच ख्रिस्ती कुटुंबं कामासाठी दूर गेली. रविवारी बाकांवर सातआठ माणसं उरली. छपराकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती. कौलं फुटली, पाणी माझ्या एका टोकात मुरलं आणि वाळवी लागली. मी सोसत राहिले.

गेल्या वर्षी एका रविवारी प्रार्थना चालू असताना माझं ते टोक कडाडलं. कुणाला लागलं नाही, पण दुसऱ्या दिवशी इंजिनीअर आले. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, "हे धोक्याचं आहे. दुरुस्त होत नसेल तर छप्पर उतरवावंच लागेल."

चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या रीमाताई शाळेत शिकवतात. हे ऐकून त्या एका रिकाम्या बाकावर बसल्या. इतक्यात शेजारच्या गोदामाचे मालक केसरीनाथ भाऊ दारात आले. हे गोदामासाठी जागा मागायला आले, असंच रीमाताईंना वाटलं.

"जागा विकायची नाही, भाऊ," त्या आधीच म्हणाल्या.

"जागा कोन मागतंय?" भाऊ चपला काढत म्हणाले. "पूर आलता तवा माझी आय तीन दिवस हितंच रायली व्हती. हे पाडाचं न्हाय. मजीदचाचांना बोलवा."

मजीदचाचांनी तरुणपणी होड्या बांधल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात, तरी शिडीवर सरसर चढले. त्यांनी मला हातोडीनं टकटक केलं आणि कान लावला.

"गाभा जिंदा आहे," ते वरूनच ओरडले. "एकच टोक सडलंय. होडीचा कणा जोडतात तशी जोडू. पण तोवर छप्पर उचलून धरायला लागेल."

इंजिनीअरांनीही मान डोलावली. भाऊंनी गोदामातून जॅक आणि लोखंडी खांब आणले. शिफ्ट संपवून लूम कामगारही आले. चाचांनी माझं सडकं टोक कापायला घेतलं, आणि अर्ध्यावर एक जॅक घसरला! छप्पर वीतभर खाली आलं. कौलं खळ्ळकन फुटली.

"कोणी हलू नका!" चाचा ओरडले.

केसरीनाथ भाऊंनी धावत जाऊन खांबाला खांदा लावला, त्यांच्या मागे चौघे कामगार. रीमाताईंनी पाचर पुढे केली. चाचांनी दोन घाव घातले. जॅक जागेवर बसला. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, आणि मग चाचाच आधी हसले.

तिसऱ्या दिवशी माझं नवं टोक भिंतीत बसलं. साग नवा, रंगानं उजळ. जुन्याला नव्याचा सांधा इतका घट्ट बसला की त्यात कागदही जाईना. इंजिनीअरांनी पाहून सही केली.

यंदा मेच्या शेवटी कौलं बदलायला सगळे पुन्हा जमले. भाऊ छपरावर, चाचा खाली खुर्चीत.

"केसरी, ते कौल उलटं लावलंस!"

"चाचा, चष्मा पुसा, चष्मा!"

रीमाताई हसता हसता चहा सांडत होत्या.

मित्रांनो, तुमच्या गावातही एखादं जुनं देऊळ, मशीद, शाळा किंवा चावडी असेल. आतल्या लाकडाला बोलता येत नाही. म्हणून आत गेलात की एकदा मान वर करून बघा. कुठे ओल दिसली, तर मोठ्यांना लगेच सांगा. मला ज्यांनी वाचवलं, त्यांनी एवढंच केलं. त्यांनी वर पाहिलं, आणि मग ते शिडी आणायला गेले.