तीनशे एकोणीस तारे

आमच्या कारखान्यात विश्वाची उत्पत्ती रोज सकाळी दहाच्या चहाला सुरू व्हायची आणि सव्वादहाचा भोंगा वाजला की अर्धवट राहायची. अशी ती किती वर्षं अर्धवट राहिली, याचा हिशोब कुणी ठेवला नाही. मी तिथे पलंगपोसांच्या घड्या घालायचो. घड्या घालणाऱ्याचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. त्यामुळे पुढचं सगळं मी कानांनी पाहिलंय. खोटं वाटलं तर सोडून द्या. मलाही पहिल्यांदा खोटंच वाटलं होतं.

भांडणारे दोघंच. एक वहिनी आणि दुसरा त्यांचा धाकटा दीर. तो मागांचा मिस्त्री. त्याच्या त्या वहिनी, म्हणून आम्हा सगळ्यांच्याच वहिनी. मालकसुद्धा वहिनीच म्हणत. खिडकीजवळच्या टेबलाशी बसून त्या नक्षी पाडत. म्हणजे असं, की पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्या असतात, त्यांत बारीक छिद्रं पाडायची. पट्टी मागावर चढली, की छिद्र असेल तिथला धागा उचलला जातो आणि नसेल तिथला खाली राहतो. शेकडो पट्ट्या एकामागून एक फिरल्या की कापडावर नक्षी उमटते. एका वेलीला सहाशे बारा पट्ट्या लागायच्या. वहिनींची ख्याती अशी, की बावीस वर्षांत एक छिद्र चुकलं नाही.

तर वहिनी म्हणायच्या, "भावजी, कुणी बसून काही आखलेलं नाही. धूळ होती, ती गरगरत होती, आणि वेळ रग्गड होता. वेळ दिला की सगळं आपोआप घडतं."

"आपोआप!" मिस्त्री कप आपटायचा. "माझा पाना आपोआप जागेवर जात नाही, आणि सूर्य-चंद्र जातात होय? पलंगपोस निघतो कारण पट्ट्या आहेत. पट्ट्या आहेत कारण तुम्ही आहात. बावीस वर्षांत तुमचं एक छिद्र चुकलं नाही वहिनी, मग वरच्याचं कसं चुकेल?"

हे वाक्य आलं की वहिनी गप्प व्हायच्या. कान लाल, मान खाली, बशीत चहा. आम्ही समजायचो, निरुत्तर झाल्या.

आता कारखान्याचा एक नेम होता. जुन्या पट्ट्या कपाटातून काढून मागावर चढवण्याआधी एकेक पट्टी खिडकीसमोर धरायची. मिस्त्रीने धरायची, वहिनींनी बघायची, 'हं' म्हणायचं, मग पुढची. याला आम्ही उजेड दाखवणं म्हणत असू. त्या सोमवारी साध्या वेलीच्या पट्ट्या निघाल्या. नेमका त्याच दिवशी वाद भोंग्याला न जुमानता लांबला. मिस्त्री पट्टी धरतोय आणि वहिनींकडे बघून विचारतोय, "मग पहिली धूळ कुणी आणली?" वहिनी 'हं' म्हणतायत आणि त्याच्याकडे बघून सांगतायत, "मग आणणाऱ्याला कुणी आणलं?" सहाशे बारा पट्ट्या खिडकीसमोरून गेल्या. एकाही पट्टीकडे दोघांनी पाहिलं नाही. दोघंही विश्वाकडे बघत होते.

दुपारी पहिला पलंगपोस माझ्याकडे घडीला आला आणि माझे हात थांबले. आयुष्यात पहिल्यांदा. वेल होती, पण वेल राहिली नव्हती. तिच्या अंगावर, आजूबाजूला पांढरे ठिपके. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे दोघंच कोपऱ्यात रुसून बसल्यासारखे. निळ्या कापडावर आकाशगंगा सांडली होती. घडी घालावी तर आकाश दुमडतंय असं वाटे. मी आपली चौघडी कशीबशी घातली आणि माल गेला.

आठवड्याने मोठ्या दुकानाची खरेदी करणारी बाई स्वतः आली. "हा हवा. दोनशे हवेत. याचं नाव काय?"

मालकांनी आयुष्यात कशालाही नाव दिलं नव्हतं. मुलीचं नावसुद्धा तिच्या आत्याने ठेवलं होतं. तरी ते छाती फुगवून म्हणाले, "ब्रह्मांड."

बाई गेल्यावर मालक धावत आले. "वहिनी! कधी काढलंत हे?"

"मी नाही काढलं," वहिनी म्हणाल्या. खोटं श्रेय घेणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच. त्यांनी पट्ट्या उजेडात धरल्या. जागोजागी जास्तीची छिद्रं होती. कपाटाचं दार उघडलं, तर आत रुपेरी कसर सळसळत पळाली. पुठ्ठे कुरतडणारे ते किडे तुम्ही जुन्या पुस्तकांत पाहिले असतील. "हे यांचं काम," वहिनी म्हणाल्या. का कुणास ठाऊक, त्यांचा चेहरा पुठ्ठ्यासारखा झाला होता.

"किड्यांनी काढलं?" मालकांनी विचारलं.

"आपोआप झालं म्हणायचं."

हे त्या बोलल्या मात्र, आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मालक दोन दिवस विचार करत होते. मालकांनी विचार केला की कुणाची तरी खुर्ची जाते, हा आमचा अनुभव. तिसऱ्या दिवशी ते एक मोठी काचेची बरणी घेऊन आले. त्यात कसर होती, आणि सोबत कोऱ्या पट्ट्या.

"वहिनी, राग मानू नका. तुम्ही चार महिन्यांत वेल पाडता. यांनी बसल्या जागी वेलीचं ब्रह्मांड केलं. शनिवारपर्यंत यांनी एक जरी नक्षी काढली, तर तुमचं टेबल मी यांना देतो."

मिस्त्रीच्या हातातला पाना पडला. "मालक, अहो, कर्त्याशिवाय..."

"कर्ते आहेत की. बरणीत आहेत."

ते टेबल म्हणजे वहिनींचं सगळं होतं. घरी त्यांना बसायला स्वतःचा कोपरा नव्हता. त्या खिडकीच्या उजेडात बावीस वर्षं बसून त्यांचे डोळे अधू झाले होते आणि बोटं शहाणी. दुसरीकडे त्या शहाण्या बोटांना कोण विचारणार होतं?

शनिवार आला. बरणीतल्या पट्ट्या जशाच्या तशा कोऱ्या. किड्यांनी तोंड लावलं नव्हतं. मिस्त्री खुलला. "बघा! आपोआप काही होत नाही!"

पण मालक बधले नाहीत. "मिस्त्री, घाई तुमची. वहिनी स्वतःच सांगत आल्यात, वेळ दिला की सगळं आपोआप घडतं. मी वेळ देतो. सोमवारपासून बरणी टेबलावर, आणि वहिनींनी... जरा घरी आराम करावा."

इतकी वर्षं वहिनींचा मुद्दा कुणालाच पटला नव्हता. शेवटी पटला, तो मालकांना, आणि तोही असा.

मिस्त्री तळमळला. बाजूला नेऊन तो वहिनींना म्हणाला, "एकदा म्हणा ना, की मी आखलं होतं. मी साक्ष देतो."

"म्हणजे तुमचा देव जिंकावा म्हणून?"

"देव गेला खड्ड्यात!" मिस्त्री म्हणाला आणि लगेच स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. "तुमचं टेबल जातंय, वहिनी."

टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणातून वहिनींनी एक झाकणाची वाटी काढली. आत पिठाची खळ होती, चिकटवायची असते ना, ती. एक कोरी पट्टी घेतली, बोटाने तीन ठिकाणी खळ लावली, वर कागदाचे कपटे डकवले आणि पट्टी बरणीत सोडली.

"सोमवारी सगळ्यांनी बघा," म्हणाल्या.

सोमवारी सकाळी अख्खा कारखाना बरणीभोवती. कपटे गायब, आणि त्यांच्याखालच्या पुठ्ठ्यालाही भोकं पडलेली. बरोबर तीन. लावली होती तिथेच.

मालकांचे डोळे विस्फारले. "किडे तुमचं ऐकतात!"

"माझं कसले ऐकतायत, खळीचं ऐकतात. कोऱ्या पुठ्ठ्यात त्यांना रस नाही." वहिनींनी वेलीची एक पट्टी उचलली. "छिद्र चुकीच्या जागी पडलं, की मी वरून कपटा चिकटवायची. इतका बेमालूम, की उजेडात धरूनही कळू नये. त्या वेलीवरचे सगळे कपटे यांनी खाल्ले. पलंगपोसावर जितके तारे आहेत ना, तितक्या माझ्या चुका आहेत. तीनशे एकोणीस. मला एकेक पाठ आहे."

सुई पडली असती तर ऐकू आली असती. आमच्याकडे सुया खूप, पण त्या वेळी एकही पडली नाही.

मालक आनंदाने बोलायला तोंड उघडत होते, पण आधी बोलला मिस्त्री. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "वहिनी, तुम्ही चुकायचात?"

"हो."

"मी सगळ्या जगाला तुमचं उदाहरण देत फिरलो."

"म्हणून तर मी गप्प बसायची, भावजी."

मिस्त्री बाकावर बसला. त्याने आधी ब्रह्मांडाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या खऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे वरही असंच असेल? त्याने साधीच वेल करायला घेतली असेल. चुकला असेल. खळ लावून झाकलं असेल. आणि आपण मान वर करून वाहवा करतोय ते..."

"कसरीने खाल्लेले कपटे," वहिनी म्हणाल्या. "पण मग कुणीतरी होतं, हे मला मान्य करावं लागेल."

"आणि तो चुकतो, हे मला."

दोघांचेही चेहरे असे पडले, की कुणीतरी हरलं हे कळत होतं, जिंकलं कोण ते कळत नव्हतं.

मालकांना मात्र या दुःखात रस नव्हता. "टेबल तुमचंच, वहिनी! बरणी फेकून देतो. फक्त नव्या नक्ष्या हव्यात. महिन्याला तीनशे चुका करा."

वहिनी बसल्या चुका करायला. आठ दिवस बसल्या. एक होईना! मुद्दाम केलेली चूक रांगेत उभी राहायची, शाळेतल्या प्रार्थनेसारखी. कापड निघालं ते ठिपक्यांचं फडकं. मालक पुन्हा विचारमग्न दिसू लागले आणि आम्ही सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या घट्ट धरल्या.

शेवटी वहिनींनीच आठवून सांगितलं. "त्या तीनशे एकोणीस कशा झाल्या ते सांगू? चहाचा कप घेऊन भावजी टेबलाशी येऊन उभे राहायचे, वाद घालायचे, मी रागाने छिद्र ठोकायची आणि हात सरकायचा. त्या उन्हाळ्यात तर रोज."

मालकांनी त्याच दिवशी हुकूम काढला. मिस्त्रीने रोज दोन तास माग सोडून नक्षीच्या टेबलाशी बसायचं आणि वहिनींशी विश्वाच्या उत्पत्तीवर वाद घालायचा. कामाच्या वेळेत. भोंग्याने थांबायचं नाही. आवाज चढला तर उत्तमच.

तेव्हापासून कारखाना त्यावरच चालला. मिस्त्री म्हणे, "कर्ता आहे!" वहिनी म्हणत, "असला तर हात थरथरणारा आहे!" आणि खट्ट, एक तारा. दुकानवाली बाई दर हंगामाला येऊन म्हणे, "काय ही प्रतिभा!"

एकदाच घोटाळा झाला. पावसाळी हवा होती, दोघांनाही एकमेकांचं ऐकून घ्यावंसं वाटत होतं. वहिनी म्हणाल्या, "असेलही बाई कुणीतरी." मिस्त्री म्हणाला, "किंवा नसेलही, काय सांगावं." पूर्ण दोन तास दोघं एकमेकांचं कौतुक करत बसले.

त्या पट्ट्यांचा पलंगपोस माझ्याकडे घडीला आला. साधी वेल, एक ठिपका नाही. मी निमूट घडी घालून मालकांपुढे ठेवला. मालकांनी तो उलगडला, बघितला, आणि दोघांना बोलावून घेतलं.

"कामात कुचराई चालणार नाही," ते म्हणाले. "उद्यापासून भांडायचं म्हणजे भांडायचं."