पारोळ्याचा भोंगा

तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेला मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. पत्रे ठोकणाऱ्या पंडितने मला १९८४ साली पारोळ्यात बनवले ते जीवरामभाऊंसाठी. भाऊ बाजार समितीत मापाडी होते, आणि गावच्या फुटबॉल संघावर त्यांचा भारी जीव. पण आवाज बसका. तो मैदानापलीकडे पोहोचत नसे, म्हणून माझी गरज पडली.

पाच वर्षे मी एकही सामना चुकवला नाही. आमच्या गोलखांबामागे उभे राहून भाऊ माझ्यातून खेळाडूंना हाका मारत. सर्वांत जास्त हाका चिंधाला. चिंधा आमचा गोलकीपर. एरवी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. भाऊंची हाक आली की तो मागे न पाहता नुसता एक हात वर करी. भोंगा वाजला की चिंधाला बळ येते, असे लोक म्हणत. ते ऐकून मला फार बरे वाटे.

१९८९ साली संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोहोचला. सामना धुळ्याला होता. आम्ही ट्रकने गेलो. मध्यंतराला आमचा एक गोल झालेला होता, पण व्हायला हवे होते चार. समोर मोकळे असताना आमच्या पोरांनी दोनदा चेंडू बाहेर मारला, एकदा खांबावर. भाऊंच्या हाताला घाम सुटला होता आणि मी त्यांच्या मुठीतून निसटत होतो. शेवटची सात मिनिटे उरली असताना लांबून आलेला एक साधा चेंडू चिंधाच्या हातातून सुटला आणि आत गेला.

भाऊंनी मला तोंडाला लावले.

"चिंध्या, हात घर ठेई उना का?"

हात घरीच ठेवून आलास का, असे. मागची माणसे हसली. त्यांनी तेच वाक्य उचलले आणि ओरडत राहिली. तेवढ्यात समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला. चेंडू हवेत असताना चिंधाने मान वळवून आमच्याकडे पाहिले. पुन्हा समोर पाहीपर्यंत दुसरा गोल झाला होता.

सामना आम्ही हरलो. परतताना ट्रकभर लोक चिंधाच्या नावाने बोलत होते. घरी त्यांच्या पत्नी केसरबाईंनी विचारले, तेव्हा भाऊंनी हुकलेले गोल सांगितले, पंचांना दोष दिला. पुढे कित्येक दिवस ते पोत्याचे वजन करताना मध्येच थांबत आणि समोरच्या शेतकऱ्याला तोच कॉर्नर समजावू लागत. चिंधाने मान वळवली होती, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितले नाही.

दिवाळीनंतर सराव सुरू झाला. चिंधा आला नाही. मग एक दिवस भाऊ मैदानावर जाता जाता जिनिंगकडे वळले. मी त्यांच्या पिशवीत होतो. चिंधाने चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली. भाऊ उठायला लागले तेव्हा तो हळूच म्हणाला, "गोल व्हयना तेनं काही नही, भाऊ. पन बठ्ठा मैदानमा माले तुमनाच आवाज वळखू उना." गोलाचे काही नाही, पण सगळ्या मैदानात मला ओळखू आला तो तुमचाच आवाज, असे.

भाऊ पुन्हा खाली बसले. कप रिकामा झाला तरी तो हातातच होता.

नव्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी मला उचलले आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असे सांगितले की धुळ्याला चिंधा चुकला नव्हता, आपण चुकलो. लोकांना ती गंमत वाटली. कोणी शिट्ट्या मारल्या. चिंधा तिथे नव्हताच.

तो पुन्हा खेळला नाही. भाऊ अजून सामन्यांना जातात, पण रिकाम्या हाताने. मी घरी खुंटीवर आहे. काठाला गंज धरला आहे, आत कोळ्याने जाळे केले आहे.

मित्रांनो, मला पुसून ठेवा असे मी म्हणत नाही. पण माझ्यासारखा एखादा भोंगा हाती आला, तर तो तोंडाला लावण्याआधी ज्याचे नाव घ्यायचे आहे तो माणूस किती लांब आहे, ते एकदा बघा. धुळ्याला त्या दिवशी चिंधा आमच्यापासून फक्त वीस पावलांवर उभा होता.