याडी कुठून बघते

"काका, हा स्मार्ट टीव्ही म्हणता, मग बाकीचे टीव्ही काय ढ असतात का?"

विचारलं एकदाचं! सिमरन आणि अजरानं वर्गात पैज लावली होती, की शिला दुकानात हे विचारूच शकणार न्हाई. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. मागच्या वर्षापर्यंत हजेरीला "हजर" म्हणतानाही माझा आवाज निघायचा नाही. पण स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन केलं आणि तेव्हापासून माझं तोंड जे सुटलं ते सुटलंच. म्हणून तर आमचा जुना टीव्ही बंद पडल्यावर बापू म्हणाले, नवा तूच निवड, तुला चार गोष्टी विचारता येतात.

हिंगोलीतल्या त्या दुकानाचे रामकिशनकाका आधी पोट धरून हसले, आणि मग त्यांनी मला भलतंच हुशार समजून सगळं समजावायला घेतलं. साध्या एलईडीत पडद्यामागं दिवे असतात. क्यूएलईडीतही मागं दिवेच, फक्त रंग जास्त झगझगीत. ओएलईडीत मात्र मागं दिवेच नसतात, पडद्याचा कण न् कण आपला आपण पेटतो आणि विझतो.

"मग दिवे कमी लागले तर तो सगळ्यात महाग काहून?" मी विचारलं. काकांनी अजून बरंच सांगितलं. मी मान हलवत राहिले आणि डोक्यात नुसता काला झाला. तिन्ही टीव्हींवर एकच मोर नाचून राहिला होता आणि मला तिन्ही मोर आवडत होते. ओएलईडीचा काळोख खरा काळा होता, पण तो बापूंच्या ऐपतीबाहेरचा. क्यूएलईडी घ्यावा तर आकार लहान मिळणार. बापूंचा तर एकच हट्ट, मोठा पाहिजे. संध्याकाळी आजोबा, आमच्या बंजारा तांड्याचे प्रमुख नायकदादा, सगळी मोठी माणसं समोर बाजेवर बसतात, त्यांना नीट दिसला पाहिजे.

बापू दुकानातही साध्या मोठ्या एलईडीसमोर खुर्ची ओढून बसले होते. याडी, म्हणजे माझी आई, कुठंच दिसेना. पाहिलं तर ती डोक्यावर पदर घेऊन बाजूला, फ्रीजच्या रांगेपाशी, भिंतीला लागून उभी. घरीही ती अशीच टीव्हीच्या बाजूला, स्वयंपाकखोलीच्या दारात बसते. सासऱ्यासमोर आणि नायकदादासमोर बसायचं नाही, ही तांड्याची रीत.

तिला बोलवायला गेले आणि तिच्या जागेवरून सहज त्या मोठ्या एलईडीकडं पाहिलं. मोर पार फिका पडला होता. निळं पीस राखेसारखं. नंतर बातम्या देणारी बाई आली, तिचं तोंड पीठ फासल्यासारखं.

मोर परत आला तशी मी समोर पळत गेले. मोर निळा! परत बाजूला आले. मोर राखाडी!

"याडी, आपल्या जुन्या टीव्हीतबी तुला असंच दिसायचं?"

"व्हय," ती म्हणाली. "मला वाटायचं, त्या टीव्हीतल्या बायाच इतक्या गोऱ्या असतात."

मी हसले आणि मग मला हसूच येईना. इतकी वर्षं आम्ही एकच मालिका बघत होतो आणि तिची वेगळीच होती.

काका म्हणाले, बाजूनं बघणारं कुणी असेल तर ओएलईडीच घ्या, कुठूनबी सारखा दिसतो. मग मी पुन्हा अडकले. तो परवडत नाही. क्यूएलईडी बाजूनं पाहिला, तोही फिकाच. बापू घड्याळ बघायला लागले, सेनगावची एसटी निघायची वेळ झाली होती. याडी म्हणाली, माझं काय, तुमी घ्या कोणताबी, मला तर आवाज आला तरी पुरे.

तिच्या त्या "पुरे"नंच मला राग आला. मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"बापू, हाच साधा मोठा एलईडी घ्या. पण घरी समोर याडी बसंल. आजोबा आणि नायकदादाची बाज मी आज स्वतः बाजूला सरकवणार आहे."